परीक्षा : ‘इतर’

पुण्यातल्या नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेबद्दल लिहितेय. नाव देणार नाही. एक तर पुढे तक्रारीही आहेत, आणि दुसरं म्हणजे मुलींच्या खोलीत खुर्च्या मोजक्या आहेत, त्यातली एक मला येत्या मेमध्ये पुन्हा हवी आहे. गांजवे चौकातून शास्त्री रस्त्याकडे चालत निघालात की दर दुसऱ्या इमारतीवर ‘अभ्यासिका, २४ तास, वातानुकूलित’ असा फलक दिसेल. त्यातलीच एक समजा. मी चार-पाच आतून पाहून आले, सगळ्या सख्ख्या बहिणी वाटल्या.

मी तिथे स्पर्धा परीक्षेसाठी गेले नव्हते. वय सत्तेचाळीस, कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. आयोगाच्या वयोमर्यादेने मला केव्हाच मोकळं केलंय. मला कादंबरीचा पहिला खर्डा लिहायचा होता आणि तो उन्हाळ्याच्या सुट्टीत हातावेगळा करायचा होता, कारण जूनमध्ये कॉलेज सुरू झालं की प्रवेश, तासिका, चाचण्या, आणि मग कादंबरी पुढच्या सुट्टीवर. हे परीक्षण त्या नजरेने वाचा. एमपीएससीच्या मुलांना ही अभ्यासिका कशी वाटते हे त्यांनाच विचारा. त्यांचे निकष वेगळे आहेत आणि माझ्यापेक्षा कडक आहेत.

आधी पैशांचं. नॉन-एसी महिना हजार, एसी सोळाशे, अनामत पाचशे, लॉकर हवं असेल तर शंभर वेगळे. पावती मिळते, पण मागावी लागते. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. प्रवेशाचा फॉर्म एक पानी: नाव, गाव, रक्तगट (हा कशाला हे कळलं नाही), आणि ‘परीक्षा’ असा रकाना. चालवणारे गृहस्थ स्वतः कधीकाळी मुख्य परीक्षेपर्यंत पोचलेले. सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही.

“मॅडम, परीक्षा कुठली?”

“परीक्षा नाही. लिहायला बसायचंय.”

“म्हणजे डिस्क्रिप्टिव्ह?”

“तसंच काहीसं.”

त्यांनी रकान्यात ‘इतर’ लिहिलं आणि किल्ली दिली. त्यानंतर मुक्काम संपेपर्यंत ‘काय लिहिता?’ असा प्रश्न त्यांनी केला नाही. या जागेला मी जे गुण देणार आहे त्यातला मोठा वाटा या न विचारण्याचा आहे.

घरी लिहिता येत नाही असं नाही. घरी माणसं प्रेमाने विचारतात, तिथे घोडं अडतं. “किती झालं?” “वाचून दाखव ना थोडं.” एकदा वाचून दाखवलं की ऐकणाऱ्याच्या भुवईकडे आपलं लक्ष जातं, रात्री ते पान पुन्हा लिहावंसं वाटतं, आणि पहिलं प्रकरण छान घोटून होतं. दुसरं येत नाही. माझ्याकडे अशी घोटलेली पहिली प्रकरणं एका कपाटाला पुरतील एवढी आहेत, आणि माझ्या ओळखीतल्या लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे असावीत. कॅफेत लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण दर तासाला काहीतरी मागवायचं दडपण सोसत नाही. कोकणातल्या रिकाम्या घरात जाऊन राहावं, असाही सल्ला मिळाला. अशा घरात पहिले चार दिवस घर झाडण्यात जातात आणि उरलेले समुद्र बघण्यात.

अभ्यासिकेत केबिन मिळते. केबिन म्हणजे प्लायच्या तीन भिंती, अडीच फुटांचं टेबल, डोक्यावर एलईडीची पट्टी, एक प्लग. खुर्ची प्लास्टिकची, उशी आपली आणायची. समोरच्या प्लायवर आधीच्या मुलीने चिकटवलेले कागद तसेच होते: राज्यघटनेतल्या कलमांची यादी, सह्याद्रीतले घाट उत्तरेकडून दक्षिणेकडे, आणि लाल मार्करने ‘आता नाही तर कधीच नाही’. शेवटचा कागद मी काढला, कारण कादंबरीच्या बाबतीत ते खरं नसतं. घाट ठेवले. वाक्य अडलं की थळ, माळशेज, बोर, वरंधा, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली असं मनात म्हणायचं. आंबोलीपर्यंत पोचेतो काहीतरी सुचलेलं असायचं. नसलं तरी लिहायचं.

हा ‘नसलं तरी लिहायचं’चा भाग थोडा सविस्तर सांगते.

पहिला खर्डा झपाट्याने लिहावा ही कल्पना नवी नाही. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात ख्रिस बॅटी आणि त्याचे मित्र मिळून एकवीस जणांनी एका महिन्यात कादंबरी लिहायची असा खेळ मांडला. पुढच्या वर्षी तो जुलैतून नोव्हेंबरात गेला आणि ‘नॅनोरायमो’ या नावाने जगभर पसरला: तीस दिवस, पन्नास हजार शब्द, म्हणजे रोजचे १,६६७. शब्द चांगले असण्याची अट नव्हती, असण्याची होती. भारतातही पुष्कळांनी केलं, बहुतेक इंग्रजीत. ती संस्था मार्च २०२५ च्या अखेरीला बंद होत असल्याचं जाहीर झालं. आकडा मात्र राहिला, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढाच मजकूर कमी शब्दांत बसतो. मी रोजचे दीड हजार धरले आणि रविवार वगळला.

मराठीतही घाईने लिहिण्याची आपली अशी एक व्यवस्था आहे, फक्त तिला कुणी खेळ म्हणत नाही. ती म्हणजे दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाच्या पाठीशी दर पावसाळ्यात एक संपादक उभा असतो. श्रावणात संपादकाचा फोन नसता तर कितीतरी लघुकादंबऱ्या लिहूनच झाल्या नसत्या, असं माझं पक्कं मत आहे. माझ्यासारखीला फोन कोण करणार? मग तारीख उसनी आणावी लागते. आणि तारखेने झपाटलेली माणसं पुण्यात घाऊक कुठे मिळतील, तर नवी पेठेत.

भोवती चाळीस जणी मान खाली घालून बसल्यात. प्रत्येकीच्या केबिनवर एका तारखेचा आकडा आहे. कुणी पान उलटतं, कुणी पेनचं टोपण लावतं, आणि यातल्या एकीलाही माझ्या कथानायिकेचं पुढे काय होतं याच्याशी काडीचं देणंघेणं नाही. घड्याळाचा दाब हवा तेवढा, वाचकाचा अजिबात नाही. खर्ड्याला मला वाटतं एवढंच लागतं. शांततेचं लोक उगाच कौतुक करतात. शांत तर माझं घरही दुपारी असतं.

यात एक योग जुळून आला. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पूर्वी पर्यायी उत्तरांची होती. ती वर्णनात्मक करायचं ठरलं, २०२३ पासूनच लागू होणार म्हटल्यावर पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले, आणि मग ती २०२५ वर गेली. म्हणजे मी गेले त्या उन्हाळ्यात, इतकी वर्षं गोळे काळे करत आलेल्या या खोल्यांत सगळेच जण हाताने भराभर लिहायला शिकत होते. सकाळी नऊला मुलींच्या खोलीत एक टायमर लागायचा, बाराला वाजायचा. निबंधाचा पेपर २५० गुणांचा, तीन तासांचा. सामान्य अध्ययनाचे चार, तेही तेवढ्याच गुणांचे. मी त्यांच्याबरोबर बसायला लागले. नियम त्यांचेच: मध्ये उठायचं नाही, फोन लॉकरमध्ये, खाडाखोड करायची तर एक आडवी रेघ मारून पुढे जायचं. गिरगटण्यात वेळ जातो.

शेजारच्या केबिनमधली मुलगी गोंदियाची. तिसऱ्या दिवशी जिन्यात तिने मला थांबवलं.

“ताई, रागावू नका, पण त्या शाईच्या पेनाने तीन तास हात टिकत नाही. जेल घ्या, पॉइंट सात, जाड ग्रिपचं. आणि पेन असं आवळून धरू नका, खांदा धरतो.”

मी वर्गात पंचवीस वर्षं मुलांना लिहायला शिकवतेय; पेन कसं धरावं हे मला चौथीनंतर कुणी सांगितलं नव्हतं. तिचं बरोबर होतं. जेलची रिफिल मात्र भराभर संपते, तेव्हा सुटं पेन न घेता अप्पा बळवंत चौकातून खोकंच आणा.

वहीही तिच्याच सांगण्यावरून बदलली. या भागातल्या झेरॉक्सच्या दुकानांत सरावासाठी उत्तरपत्रिकेसारख्या छापील वह्या मिळतात. ओळी लांब अंतरावर, दोन्ही बाजूंना जाड समास, आणि समासात उभं छापलेलं: ‘या समासात लिहू नये’. माझ्यासारख्या समासात जगणाऱ्या बाईला हा हुकूम फार मानवला. एरवी मी लिहिताना डावीकडे पर्यायी शब्द काढते, उजवीकडे बाण, वर फुल्या, आणि पानाचं रणांगण होतं. इथे वहीच नको म्हणते. एका पानात माझ्या अक्षरात दीडशे शब्द बसतात, दहा पानं झाली की त्या दिवसाचं काम संपलं. मोजायला संगणक लागत नाही.

माहिती अडली की चौकट. माझी कादंबरी माझ्या आजोळच्या बाजूची आहे, तासगावकडची: तीन भाऊ, द्राक्षबागेची वाटणी, आणि कोल्ड स्टोअरेजमध्ये कुणाच्या नावावर किती बेदाणा आहे यावरून झालेला अबोला. लहानपणी सुट्टीत पाहिलेलं पुष्कळ, नेमकं ठाऊक असलेलं थोडं. बेदाण्याच्या शेडवर अवकाळी पाऊस आला तर काय करतात? घरी असते तर फोन हातात घेतला असता, आणि तासाभराने द्राक्षांच्या जाती वाचत बसलेली सापडले असते. इथे चौकट काढायची, आत ‘पाऊस, शेड, विचार’ असं लिहायचं आणि तिन्ही भावांना तसंच भिजत ठेवून पुढच्या प्रसंगाला जायचं.

त्या चौकटीचं उत्तर खाली अमृततुल्यात मिळालं. या अभ्यासिकेची ही सोय कुठल्याच फलकावर लिहिलेली नाही: इथे आख्खा महाराष्ट्र चहा पितो. गडचिरोली, नंदुरबार, माण, माजलगाव. कुठल्याही गावातलं काहीही विचारा, कुणाच्या तरी घरचं असतं. मुलांच्या खोलीतला एक जण कवठेमहांकाळचा निघाला.

“मॅडम, तुम्ही कशाची तयारी करताय?”

“कादंबरी लिहितेय.”

“त्यात पोस्ट कुठली निघती?”

“गट क,” त्याचा मित्र म्हणाला. आणि मला ते इतकं पटलं की मी चहाचे पैसे दिले.

मग विचारलं बेदाण्याचं. तो सावकाश सांगत गेला. चार किलो द्राक्षांना एक किलो बेदाणा धरायचा. घड आधी द्रावणात बुडवून रॅकवर पसरायचे, सावलीतच, उन्हात टाकले की रंग जातो. पंधरा दिवसांच्या आसपास लागतात, वारं कसं सुटलंय त्यावर. पिवळा हवा असेल तर गंधकाची धुरी. “आणि पाऊस आला की ताडपत्र्या. पण खालनं दमट हवा येतीयच की. माल काळा पडतोय. खायला वाईट न्हाई, पण सौद्यात रंगाला भाव असतोय, चवीला कोण इचारतंय?” एका साली त्यांची आख्खी शेड काळी पडली, वडील त्या आठवड्यात कुणाशी बोलले नाहीत, आणि त्याच वर्षी याला पुण्याला पाठवलं. हे त्याने बेदाण्याच्या ओघातच सांगितलं आणि कप ठेवून वर गेला. माझ्या कादंबरीतला मधला भाऊ तोपर्यंत नुसताच तापट होता. दुसऱ्या दिवशी तो बोलेनासा झाला आणि मला पहिल्यांदा समजायला लागला.

म्हणून म्हणते, चौकट काढून पुढे जाणं म्हणजे अभ्यास टाळणं नाही. आधी गोष्ट कुठे दुखतेय ते कळतं, मग नेमका प्रश्न विचारता येतो. उलट क्रमाने गेलं की दोन वर्षं द्राक्षशेतीवर टिपणं काढून होतात.

आता या वेगाने लिहिलेलं कसं निघतं? खरं सांगायचं तर ओबडधोबड. माझ्या खर्ड्यात धाकटी जाऊ चौथ्या प्रकरणानंतर दिसतच नाही. थोरल्याचं नाव आधी आनंदराव आहे, नंतर बाबासाहेब. मध्यावर तीन प्रसंग एकाच अंगणात, एकाच खाटेवर घडतात आणि तिन्हींत कुणीतरी चहा आणतं. वर्णनं जवळपास नाहीत. पण संवाद धावतात, आणि शेवट आहे. शेवट हातात असला की धाकट्या जावेला परत आणायचं की मुळातच काढायचं हे ठरवता येतं. घोटून लिहिलेलं प्रकरण काढताना जीव तुटतो. असल्या पानांवर रेघ मारताना काही वाटत नाही, कारण ती अजून आपली झालेलीच नसतात.

एक गोष्ट मात्र रोज खटकत राहायची. टायमर वाजला की मी वही मिटून मजेत उठायचे, माझं वाईट पानही मला चालणार होतं. शेजारणींना ती चैन नाही. त्यांचा पहिला खर्डा हाच शेवटचा, परीक्षकाच्या हातात जाणारा. एकाच खोलीत, एकाच घड्याळाखाली, एकाच कंपनीच्या पेनाने आम्ही दोन वेगळ्या गोष्टी करत होतो. याचं काय करायचं ते मला सुचलं नाही. दुपारी दोघी-तिघींचे निबंध तपासून द्यायला लागले, शुद्धलेखन आणि परिच्छेद एवढंच. त्यांनी मला त्याबद्दल पंखा माझ्याकडे वळवून दिला.

आता तक्रारी.

मुलींचं स्वच्छतागृह दोन मजले खाली आणि तिथला दिवा जिन्यातून लावावा लागतो. कुणीतरी वर जाताना सवयीने बंद करतं. सरांना तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा त्यांनी वहीत टिपून घेतलं.

एसीच्या खोलीत तापमानावरून युद्ध चालतं. दाराजवळच्या मुली शाल घेऊन बसतात, कोपऱ्यातल्या वहीने वारा घेतात. सोळाशे भरून स्वेटर आणायचा, म्हणून मी आठवड्याने नॉन-एसीत आले. तिथे मे महिन्यात दुपारी दोन ते चार लिहिणं होत नाही, कागद मनगटाला चिकटतो. सकाळची वेळ धरा.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर इन्व्हर्टरवर दिवे चालतात, पंखे नाहीत. लग्नसराईत संध्याकाळी वराती निघतात, आणि बँडवाल्यांना नेमक्या आपल्या खिडकीखाली थांबून नाचणाऱ्यांना वाव द्यायचा असतो. माझ्या सहाव्या प्रकरणात दोन भावांच्या भांडणात मागे लग्नाची वाजंत्री आहे, ती त्यामुळे. ठेवावी म्हणते.

लॅपटॉप आणू नका. बंदी नाही, पण कीबोर्डची टकटक ऐकून चाळीस माना एकदम वर होतात. ज्यांना टंकल्याशिवाय लिहिता येत नाही त्यांना वेगळा हॉल आहे, तिथे ऑनलाइन लेक्चर ऐकणारी मुलं बसतात आणि इयरफोनमधून गळणारं भूगोल-अर्थशास्त्र आपल्या संवादात शिरतं. हाताने लिहिलं की नंतर टंकायचं काम वाढतं हे खरं; मी जूनमध्ये घरी टंकलं, आणि टंकतानाच दुसरा खर्डा आपोआप सुरू झाला. तेवढ्यासाठी तरी मी हाताने लिहिण्याच्या बाजूची आहे.

संवाद मोठ्याने म्हणून बघायची सवय असेल तर ही जागा तुमची नाही. भिंतीवर एक पाटी आहे: ‘बोलायचे असल्यास जिन्यात जावे.’ जिन्यात दुसरी पाटी आहे: ‘जिन्यात बोलू नये.’ मी ओठ हलवत लिहिते असं गोंदियाच्या मुलीने मला हळूच सांगितलं. तिला वाटत होतं मी कलमं पाठ करतेय.

आणि निकालाच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी सकाळपासून कुणी लिहीत नाही, सगळे फोन लॉकरच्या बाहेर असतात. दुपारी पेढे आले. पेढे देणारी मुलगी हसत होती, आणि ज्या केबिनसमोर ती थांबत नव्हती त्या केबिनी मी मोजल्या नाहीत. मीही पेढा घेतला, वही दप्तरात टाकली आणि घरी गेले. कादंबरीतलं कुठलंच दुःख त्या खोलीत लिहिण्याजोगं वाटेना.

पाचपैकी साडेतीन. दिव्याचं बटण आत बसवलं तर चार.

कुणी जावं? ज्याच्या डोक्यात गोष्ट आहे, साधारण सुरुवात-शेवट ठाऊक आहे आणि फक्त बसणं होत नाही, त्याने जरूर जावं. ज्याला अजून कशावर लिहायचं हेच ठरवायचंय त्याने हजार रुपये वाचवावेत. रिकाम्या वहीसमोर त्या खोलीत बसणं फार अवघड आहे, कारण बाकी सगळ्यांना आपण काय करतोय ते पक्कं माहीत असतं. कवी मंडळींनी जाऊ नये. एका ओळीसाठी तासभर छताकडे बघणाऱ्याला तिथे सर येऊन ‘तब्येत बरी आहे ना?’ विचारतात, हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

मेमध्ये बसायचं असेल तर एप्रिलच्या सुरुवातीलाच फोन करा. परीक्षेची तारीख जाहीर झाली की खुर्च्या दोन दिवसांत जातात, आणि ‘इतर’वाल्यांचा नंबर शेवटी लागतो, जो लागायलाच हवा. खिडकीजवळची केबिन मागू नका, ऊन येतं आणि वरातीही. पंख्याखालची, भिंतीकडची मागा. अनामत परत घ्यायला जाताना लॉकरची किल्ली आणि मूळ पावती दोन्ही न्या. पावतीची झेरॉक्स चालत नाही. खाली झेरॉक्सचं दुकान सरांच्याच मेहुण्याचं असलं तरी.